परात्याच्या गळ्यातला हार

दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "नामदेवराव, तुम्ही इतकी वर्षं रेसच्या सायकली बांधल्या, त्यावर आमच्यासाठी लिहा." मी पहिला प्रश्न केला, "परात्याले विचारलं काय?" संपादक सज्जन माणूस, त्याला खोटं बोलता येईना. म्हणाला, "आधी त्यांच्याकडेच गेलो होतो. ते म्हणाले, मले लिहिता नाही येत, नामदेवले सांगा." घ्या! म्हणजे इथंही माझा नंबर दुसराच. मी रागारागातच हो म्हटलं. तेव्हा वाचकहो, हा लेख वरवर सायकलींवरचा दिसेल, पण खरा तो केशव पराते नावाच्या माणसावर आहे. तो अजून ठणठणीत आहे, चष्मा लावून वाचतोही. वाचू दे.

कमाल चौकात आमची दुकानं समोरासमोर. मी आधी गिरणीत फिटर होतो. ती नोकरी सोडून दुकान टाकलं. पराते कोष्टी. त्याच्या घरी हातमाग होते. मागाचा धंदा बसला तसे ते विकून त्यानं रस्त्याच्या पलीकडे पत्र्याचं छप्पर घातलं आणि पाटी लावली, 'सायकल दुरुस्ती'. मी मनात म्हटलं, लुगडी विणणारा माणूस, दोन महिन्यांत गाशा गुंडाळेल. त्यानं काही तो गुंडाळला नाही. उलट वर्षभरात माझी गिऱ्हाइकं रस्ता ओलांडायला लागली.

याचं कारण सांगतो, म्हणजे धंदाही कळेल. सायकलचं चाक फिरवलं की कधी रिम डावी-उजवी नाचते. त्याला आम्ही 'आऊट' म्हणतो. ती आऊट काढायची म्हणजे चावीनं कुठला स्पोक सैल करायचा, कुठला आवळायचा. मी हे काम फिटरच्या शिस्तीनं करायचो. चाक अडकवायचो, रिमला खडू टेकवायचो, खूण बघायचो, पुन्हा चावी. पराते काय करायचा? चाक मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि स्पोकांवरून बोटं फिरवायचा. जन्मभर ताण्याचे धागे चाचपलेली बोटं ती. कुठला धागा सैल, कुठला ताठ, हे त्याला न बघता कळायचं. दोनचार जागी चावी फिरवली की चाक भोवऱ्यासारखं सरळ. मी दुकानात बसून हे बघायचो आणि माझ्या पोटात अक्षरशः दुखायचं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात, ते उगाच नाही.

माझी बायको यमुना एकदा म्हणाली, "काहो, त्याच्या दुकानाकडं पाहून पाहून तुमची मान वाकडी होईन."

"मी कायले पाहू त्याच्याकडे? मी रस्ता पाहून राहिलो."

"रस्ता तं दोन्हीकून हाय. तुम्ही एकीकूनच पाह्यता."



तर रेस. त्या काळी आमच्या भागातली मंडळं थंडीत सायकल रेस घ्यायची, आणि सगळ्यांत नावाजलेली म्हणजे नागपूर ते रामटेक. सकाळी कामठी रोडवरून सुटायची, कामठी, कन्हान, मनसर करत रामटेकला पोचायची. इथवर डांबर. मग खरी गंमत. शेवटी गडाच्या कडेनं मुरमाची चढण होती, बैलगाडीच्या चाकोऱ्या पडलेली, मधूनच गोटे वर आलेले. ती चढून गेला तोच गडी. आता म्हणे डोंगरात चालवायच्या वेगळ्या सायकली मिळतात, गियरच्या, जाड टायरच्या. आमच्याकडे तीच काळी घोडी, जिच्यावरून लोक कचेरीत जायचे आणि दळण आणायचे. तिलाच आम्ही रेसची करायचो.

कशी? आधी सगळं उतरवायचं. मडगार्ड, चेनकव्हर, कॅरियर, स्टँड, घंटी. हँडल उलटं फिरवायचं म्हणजे चालवणारा वाकून बसतो. सीट वर. चेन रॉकेलमध्ये धुऊन पातळ केलेल्या मेणात बुडवायची, कारण तेल लावलं तर मुरमाची सगळी धूळ चेनीवर येऊन बसते. टायर बारीक घालावा तर डांबरावर पळतो पण मुरमावर घसरतो. जाड घालावा तर उलटं. म्हणून पुढं बारीक, मागं जाड. आणि सगळ्यात मोठा वाद फ्रीव्हीलचा. मागच्या चाकाची ती दातेरी चकती. नेहमीच्या सायकलीला अठरा दाते असतात. मी म्हणायचो, चढणीसाठी वीस दात्यांची घाला, पाय हलका पडतो. पराते म्हणायचा, अठराच ठेवा, सपाटीवर जो मागं पडला तो चढणीवर काय दिवे लावणार! या वादावर चौकात मारामारी व्हायची बाकी होती.

गिऱ्हाइकंही एकेक. एक पोस्टमन होता, त्याची सायकल मी सोलून स्वच्छ केली, तर दुसऱ्या दिवशी हजर. "कॅरियर लावून द्या गा भाऊ."

"रेसमध्ये कॅरियर? वजन कायले वाढवतो?"

"मागं वजन नसलं तं सायकल मले ओळखतच नाही. दोनदा पडलो."

लावून दिलं. त्या कॅरियरवर दगड बांधून तो रामटेकला गेला आणि शेवटून तिसरा आला. पण पडला नाही, आणि त्याला तेवढंच हवं होतं.

आता रीतभात. पंच नसतानाही पाळली जायची अशी रीत. कोणाला ओलांडायचं तर मागून ओरडायचं, "उजवीकून येतो, गा!" पुढच्यानं खड्डा दिसला की हात खाली करून दाखवायचा. वारा समोरून असेल तर पाळीपाळीनं पुढं यायचं. काही बहाद्दर सगळा रस्ता दुसऱ्याच्या आडोशाला बसायचे आणि शेवटी उडी मारून पुढं जायचे, आयत्या पिठावर रेघोट्या. त्याला आम्ही 'गोचीड' म्हणायचो आणि पुढच्या वर्षी त्याला कोणी आडोसा द्यायचं नाही. सगळ्यांत पुढं जे दोघं असतील, त्यांतल्या एकाचं चाक बसलं तर दुसऱ्यानं संधी साधून पळायचं नाही, तो येईतो हळू घ्यायचं. आणि आम्हा मिस्त्र्यांची रीत अशी, की मागून येणाऱ्या ट्रकमध्ये सगळे मिस्त्री एकत्र. कोणाचीही सायकल बिघडो, ज्याच्या हाताशी चाक असेल त्यानं ते द्यायचं. दुकान बघायचं नाही.

या सगळ्यावर एक मानाची रीत होती. जिंकणाऱ्याला मंडळ हार घालायचं, झेंडूचा, पोटापर्यंत लांब. तो हार जिंकणारा स्वतःकडे ठेवायचा नाही. गळ्यातून काढून, ज्यानं सायकल बांधली त्या मिस्त्र्याच्या गळ्यात घालायचा. लोक टाळ्या वाजवायचे. फोटोवाला त्या क्षणाचा फोटो काढायचा. त्या हारासाठी मी काय नाही केलं! आणि दरवर्षी तो कोणाच्या गळ्यात? परात्याच्या. त्याच्या दुकानात असे फोटो ओळीनं टांगलेले होते, माझ्या दुकानाच्या अगदी समोर, म्हणजे मी मान वर केली की दिसणारच. लोक म्हणायचे, त्याची बायको रेसच्या आदल्या दिवशी त्याच्या सायकलींवर उतरणाऱ्या पोरांना झणझणीत सावजी मटण खाऊ घालते, त्याची ती ताकद. मी यमुनेला सांगितलं तर ती म्हणाली, "मंग तुम्हीही चारा, मी कुठं नाही म्हनते?" मी चारलं. आमची पोरं रेसच्या दिवशी सकाळी पोट धरून बसली.

मग एका वर्षी माझ्याकडे दौलत आला. कन्हानचा दूधवाला. रोज दोन्ही बाजूला दुधाच्या भरल्या कॅन अडकवून कन्हानहून नागपूरला यायचा आणि रिकाम्या घेऊन परत जायचा. मांड्या अशा की सायकलच दमून जावी. बोलणं मात्र हळू, खाली मान घालून. म्हणाला, "भाऊ, मले रामटेकच्या रेसमंदी उतरवा ना."

मी त्याला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि मनात म्हटलं, नामदेव, हार आला!

त्याची सायकल मी अशी बांधली की माझं लग्न असतं तरी एवढी तयारी केली नसती. आणि मागच्या चाकाला मी माझी खास गोष्ट केली. चाकात स्पोक एकमेकांना जिथं ओलांडतात, तिथं प्रत्येक जागी बारीक तार गुंडाळून बांधली आणि वर कथील वितळवून डाक दिला. झाळकाम मला गिरणीतून येत होतंच. असं केलं की माणूस उभा राहून पेडल मारतो तेव्हाही चाक कडेला लचकत नाही, खडबडीत वाटेवर तर नाहीच. हे मी कोणाला दाखवलं नाही. तसंच दुसरं चाक बांधून जादा म्हणून ठेवलं. दोन्हींना वीस दात्यांचं फ्रीव्हील. वरून कापड गुंडाळलं, परात्याची नजर लागू नये म्हणून.

पराते त्या वर्षी स्वतःच्या मुलाला उतरवणार होता. वसंता. सडपातळ, चलाख, वडिलांचा जीव की प्राण. रेसच्या आधी पराते माझ्या दुकानात आला, इकडं तिकडं बघत म्हणाला, "पोट्टा पहिल्यांदाच उतरून राहिला. मले रात्री झोप नाही येत गा."

मी म्हटलं, "मले तं मस्त येते." खोटं होतं.

रेसच्या दिवशी मंडळाच्या अध्यक्षांचा संत्र्यांचा ट्रक आमच्या दिमतीला. ते काटोलकडचे व्यापारी. ट्रकमध्ये पेंढा, वास संत्र्यांचा, आणि आम्ही मिस्त्री आपापली चाकं कवटाळून बसलेले. कामठी येईतो दहाएक जणांचा घोळका होता. कामठी ओलांडली आणि दोघंच पुढं निघाले, दौलत आणि वसंता. पाळीपाळीनं एकमेकांना आडोसा देत, अगदी रीतीनं. ट्रक त्यांच्या मागं. मी उभा, पराते उभा. कोणी कोणाकडं बघत नव्हतं.

कन्हानच्या पुलावर वसंताचं मागचं चाक एका सांध्यावर आपटलं. स्पोक तुटले आणि रिम वाकून चिमट्याला, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांना, घासायला लागली. तो उतरला. ट्रक थांबला. पराते आपलं जादा चाक काढायला वळला, तर ते पार खाली, पेंढ्यात, दुसऱ्या मिस्त्र्यांच्या सामानाखाली. हाताशी चाक होतं माझं. कापडात गुंडाळलेलं.

पराते माझ्याकडं बघत होता. मागितलं नाही त्यानं. रीत होती, मागायचं नसतं. मी कापड सोडलं आणि चाक खाली दिलं. देताना जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, संपादक कापून टाकतील. मीच उतरून ते बसवलं, चेन चढवली आणि वसंताच्या पाठीला हात लावून ढकलला. समोर दौलत पुलाच्या टोकाला हळूहळू चालवत, मागं वळून बघत होता. मी मनात त्याला शिव्या दिल्या आणि लगेच वाटलं, नाही, पोरगं रीतीचं आहे.

मनसरला मॅंगनीजच्या खाणी. खाणीचे ट्रक रस्त्यावर काळे टोकदार खडे सांडत जातात. दौलतचं मागचं टायर त्यावर फाटलं, एका फटक्यात. माझं जादा चाक वसंताच्या बुडाखाली! मी ट्रकमध्ये हात चोळत उभा. एवढ्यात पराते उडी मारून खाली, त्याचं चाक घेऊन. आता ते त्यानं वर काढून ठेवलं होतं. माझ्यापेक्षा लवकर बसवलं त्यानं, हेही मी तेव्हा टिपलंच. समोर त्याचा वसंता हळू झाला होता, बापाकडं बघत नव्हता, दौलतची वाट बघत होता.

पुन्हा ट्रक सुटला आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माझ्या सायकलीला परात्याचं चाक. परात्याच्या सायकलीला माझं चाक. आता मी कोणासाठी ओरडू? दौलत जिंकला तर सायकल माझी, पण चाक त्याचं. वसंता जिंकला तर हार त्याचा, पण चढण चढलं माझं चाक! जन्मात पहिल्यांदा मला कोणाचं वाईट चिंतावं तेच कळेना. शेजारी पराते उभा. त्याच्या कपाळावर घाम. त्याचंही तेच चाललं असणार, पण त्याचा तर मुलगा होता.

चढणीच्या पायथ्याशी आम्हाला ट्रकमधून उतरून पळावं लागलं. दोघं मुरमाला भिडले. वसंताला माझे वीस दाते मिळाले होते, पाय सरासर फिरत होते, आणि उभा राहिला तरी चाक तसूभर लचकत नव्हतं. दौलतला परात्याचे अठरा दाते. जड. पण दौलतला जडच माहीत होतं, दोन्ही बाजूला दुधाच्या कॅन नसल्या की त्याला सगळं हलकंच. पायथ्याआधीच्या सपाटीवरच त्या अठरा दात्यांनी तो जो पुढं गेला होता, तो चढणीवर वसंताला सापडला नाही. इंचाइंचानं वसंता जवळ येत होता, पण येता येता चढणच संपली.

दौलत जिंकला. माझा माणूस जिंकला आणि माझे वीस दाते हरले. म्हणजे वाद परात्यानं जिंकला, माझ्याच माणसाच्या पायांनी! आता हसावं की रडावं सांगा.

अध्यक्षांनी हार घातला. दौलतनं तो गळ्यातून काढला. आम्ही दोघं धापा टाकत शेजारीशेजारी उभे. दौलत माझ्यासमोर आला, मान खाली, आणि म्हणाला, "भाऊ, सायकल तुमची. पन आलो त्याहिच्या चाकावर. मी काय करू?"

अशी वेळ आधी कधी आली नव्हती, रीत कोणालाच माहीत नव्हती. सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. मला ओरडून सांगायचं होतं, घाल की भैताडा माझ्याच गळ्यात! इतकी वर्षं वाट बघितली मी. पण ज्या पोरानं विचारलं, त्याला काय उत्तर द्यायचं? चाकाशिवाय सायकल म्हणजे लोखंडच. मी म्हटलं, "ज्याच्या चाकावर रेघ ओलांडली, त्याचा हार."

हार परात्याच्या गळ्यात गेला. टाळ्या झाल्या. फोटोवाल्यानं फोटो काढला. त्यानं 'नको' म्हणायला हवं होतं, अशी माझी अपेक्षा होती. म्हणाला नाही. दोन्ही हात जोडून घालून घेतला.

परतताना ट्रकमध्ये मी पेंढ्यावर एका कोपऱ्यात बसलो, तोंड फिरवून. यमुना विचारणार काय झालं, तिला काय सांगू, हाच विचार. थोड्या वेळानं बघतो तर पराते, गळ्यात हार तसाच, वसंताच्या सायकलीचं मागचं चाक सोडवतोय. माझं चाक. मला वाटलं परत द्यायला. त्यानं ते मांडीवर घेतलं, डोळे मिटले आणि बोटं फिरवायला लागला. तारेच्या बांधणीवर बोटं थांबली. पुढं गेली, पुन्हा मागं आली.

"पोट्टा म्हनते चाक हालतच नव्हतं," तो म्हणाला. "कसं बांधलं गा हे?"

मी इतकी वर्षं ज्या माणसाच्या हातांकडं बघत जळलो, तो माणूस मला विचारत होता, कसं बांधलं. मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. बोलायचं नाही, हे ठरवलं होतं. पण तोंड सुरू झालं ते कामठी आली तरी थांबेना. तार कोणती, किती वेढे, डाक कधी द्यायचा, स्पोक आधी किती ताठ करून घ्यायचे. पराते शाळेतल्या पोरासारखा ऐकत होता, मध्येच "थांब, पुन्हा सांग" म्हणत होता. मी पुन्हा सांगत होतो. कमाल चौकात उतरलो तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की माझ्याकडं जे एक होतं, तेही मी त्याला देऊन बसलो.

घरी यमुनेला सांगितलं. ती म्हणाली, "एवढं सारं सांगतलं? काहून?"

"त्यानं विचारलं ना वं."

पुढच्या वर्षी वसंताच्या मागच्या चाकावर माझी बांधणी होती. फक्त परात्यानं ती आपल्या हातानं केली होती, तुटका धागा जोडतात तशी गाठ मारून, माझ्यापेक्षा बारीक, माझ्यापेक्षा देखणी. रेस सुटायच्या आधीच मी ती बांधणी पाहिली आणि माझा सकाळचा चहा कडू झाला. दौलत त्या वर्षीही माझ्याच सायकलीवर होता, जीव तोडून चालवली त्यानं. पण वसंता मुरमावर उभा राहिला आणि जो गेला तो गेलाच. चाक तसूभर हललं नाही.

वसंतानं हार काढला आणि बापाच्या गळ्यात घातला. टाळ्या पडल्या. त्यांत सगळ्यांत जोरात मी वाजवत होतो, हात लाल होईतो. अध्यक्ष माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "वा नामदेवराव, हरूनही काय मोठं मन तुमचं!"

मोठं मन कशाचं, साहेब! ते चाक माझं होतं.